वनखात्याची तयारी दहावीच्या वर्गातून

वनरक्षकाची जाहिरात निघाली की तिची पीडीएफ दहा ग्रुपवरून मोबाइलवर येऊन पडते. आश्रमशाळेतले सर ती मुलांना पाठवतात, ग्रामपंचायतीच्या फलकावर तिची झेरॉक्स लागते, आणि बघता बघता मुदत संपते. २०२३ मध्ये वनविभागाने वनरक्षकाच्या २,१३८ जागा काढल्या, तेव्हा अर्ज भरायला जून महिन्यातले जेमतेम तीन आठवडे मिळाले होते. तीन आठवड्यांत फॉर्म भरता येतो. बारावीचे विषय बदलता येत नाहीत, आजोबांच्या नोंदी शोधून जात वैधता मिळवता येत नाही आणि पाच किलोमीटरचा दमही कमावता येत नाही.

म्हणून हा लेख उमेदवारांपेक्षा त्यांच्या मागे उभ्या असणाऱ्यांसाठी जास्त आहे: आश्रमशाळांचे शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालयातले प्राध्यापक, ग्रामसभेत काम करणारे कार्यकर्ते, आणि आपल्या रेंजमधली (वनपरिक्षेत्रातली) पोरं खात्यात यावीत असं मनापासून वाटणारे वन अधिकारी. आदिवासी, भटके-विमुक्त, मच्छीमार घरांतली मुलं-मुली आणि एकूणच मुली जंगल-पाण्याच्या सरकारी नोकऱ्यांत याव्यात, असं बोलणारे पुष्कळ भेटतात. पण ही मुलं नेमकी कुठे गळतात, हे फार कमी जण बघतात.

सुरुवात विषयनिवडीपासून करू, कारण सगळ्यात महाग चूक तिथे होते.

वनरक्षकाला बारावी लागते, आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. म्हणजे कला शाखेचा विद्यार्थीही चालतो, फक्त त्याने भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलेलं हवं. हे अकरावीच्या प्रवेशावेळी कुणी सांगत नाही. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असा गट घेतलेली एखादी भटक्या जमातीची मुलगी धावायला कितीही चांगली असली, तरी तिचा अर्ज पात्रतेलाच बाद होतो. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोलाला शिक्षक नसेल तर अर्थशास्त्र तरी बहुतेक ठिकाणी असतं. प्रवेशाच्या दिवशी टेबलावर बसणाऱ्या प्राध्यापकाने एवढं एक वाक्य प्रत्येकाला सांगितलं, तरी खूप साधेल.

अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावीवर अर्ज करता येतो. ही सवलत योग्यच आहे, तिच्यामुळे अनेक घरांत पहिली सरकारी नोकरी आली. पण तिची दुसरी बाजू शिक्षकांनी ओळखायला हवी. ‘दहावी झाली की गार्ड होता येतं’ हे एकदा डोक्यात बसलं, की हुशार मुलालाही विज्ञानाकडे कुणी ढकलत नाही. मग खात्यात आदिवासी पोरं दिसतात ती बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीत, आणि रेंजच्या खुर्चीवर क्वचित. वनक्षेत्रपाल, म्हणजे आपण ज्यांना आरएफओ म्हणतो, आणि सहायक वनसंरक्षक ही पदं लोकसेवा आयोगाच्या महाराष्ट्र वनसेवा परीक्षेतून भरतात. तिथे कुठलीही पदवी चालत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, भूगर्भशास्त्र, वनशास्त्र, कृषी, अभियांत्रिकी अशी ठरलेली यादी आहे. भारतीय वन सेवेचंही तसंच. कला शाखेतून बीए झालेला मुलगा तहसीलदार होऊ शकतो, पण सहायक वनसंरक्षक व्हायला त्याची वाट अडते. वनरक्षकाचा वनपाल आणि पुढे पदोन्नतीने आरएफओ होता येतं, पण त्यात नोकरीची बरीच वर्षं जातात.

तेव्हा दहावीत विज्ञान-गणितात बरे गुण असलेल्या मुलाला एकच गोष्ट नीट समजावून सांगावी: अकरावी विज्ञानाला जा, बारावीला सीईटी दे, आणि बीएस्सी वनशास्त्राचा अर्ज भर. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहे. जागा मोजक्या असतात आणि गावाकडच्या मुलांना त्याचं नावही ठाऊक नसतं. सीईटीचा फॉर्म भरला नाही तर बारावीला कितीही टक्के मिळोत, दार बंद. समुद्रकाठच्या मुलांसाठी असाच मार्ग मत्स्यशास्त्राचा आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मत्स्यव्यवसाय विभागाकडे बघणाऱ्या कोळी वस्तीतल्या मुलामुलींनी बारावीला जीवशास्त्र सोडू नये.

आता कागद. आमच्या मते सगळ्यात जास्त चांगले उमेदवार इथे अडकतात.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण राखीव जागेवरची नेमणूक जात पडताळणी समितीने तपासून दिलेल्या वैधता प्रमाणपत्रावर टिकते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे मागतात, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. अडचण उघड आहे: धडगाव किंवा एटापल्लीतल्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नसतं, म्हणून शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात त्यांचं नाव सापडत नाही. अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यू नोंदींची नक्कल काढावी. त्यात पणजोबांच्या नावापुढे जमातीची नोंद मिळू शकते. जुना सातबारा आणि फेरफार यांचाही उपयोग होतो. आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता. काका, आत्या, सख्खा चुलतभाऊ, कुणाचंही प्रमाणपत्र निघालं असेल तर वंशावळीच्या शपथपत्रासोबत ते जोडावं. त्यासाठी गावात एक वही ठेवावी: कोणत्या घराण्यात कुणाची वैधता निघाली आहे आणि त्याचा क्रमांक काय. एका भावकीत एक प्रमाणपत्र निघालं की मागच्या अनेकांचं काम हलकं होतं.

फायलीत काय बिघडतं? बहुतेक वेळा नावं. दाखल्यावर ‘वळवी’, आजोबांच्या नोंदीत ‘वलवी’. आईने सांगितलेलं नाव एक आणि शाळेने लिहिलेलं दुसरं. कुठे आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची चौकशी लागली की अशा फरकांवरून महिने जातात. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरतानाच मुख्याध्यापकांनी आधार, जन्मनोंद आणि शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवून नाव जुळवावं, कारण बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा छापलेलं नाव बदलायला फार यातायात पडते. वैधतेचा प्रस्ताव अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून महाविद्यालयातर्फे जातो. कला शाखेच्या मुलांना कुणी विचारत नाही, आणि निवड झाल्यावरच त्यांची धावपळ सुरू होते. तसं होऊ देऊ नये.

फिरत्या घरांची गोष्ट आणखी अवघड. एका जागी राहिल्याचा कागदच नसतो. गृहचौकशीच्या अहवालावरून दाखला देण्याची तरतूद आहे, पण ती मागून घ्यावी लागते. तलाठ्याने ‘पुरावा नाही’ म्हणून परत पाठवलं तर लेखी अर्ज करून पोच घ्यावी. शिवाय विमुक्त समाजातल्या तरुणांवर संशयावरून नोंदवलेले गुन्हे हा प्रश्न आहेच. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना (स्वतःच्या पूर्वेतिहासाची माहिती देणारा फॉर्म) भरताना गुन्ह्याचा रकाना येतो. तिथे माहिती दडवली तर दडवण्याबद्दलच नोकरी जाऊ शकते, जरी मूळ प्रकरणातून तो निर्दोष सुटला असला तरी. म्हणून निकालाची प्रत आधीच काढून ठेवावी आणि रकान्यात जे आहे ते स्पष्ट लिहावं.

मागास प्रवर्गातल्या मुलामुलींचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र मुदतीत आहे का, हे दर वर्षी एप्रिल-मेमध्ये तपासावं. (अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही, तरी गावच्या सेतू केंद्रात ते काढायला सांगून पैसे घेणारे भेटतात.) अधिवास प्रमाणपत्र एकदाच काढावं लागतं, ते बारावीतच काढून टाकावं. परीक्षा शुल्क २०२३ ला खुल्या गटाला १,००० आणि मागास प्रवर्गाला ९०० रुपये होतं. घरातली दोन भावंडं बसणार असतील तर ही रक्कम मजुरीच्या घराला जड जाते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी किंवा ग्रामसभेने तेंदू-बांबूच्या उत्पन्नातून शुल्काचा छोटा निधी ठेवला, तर तो पैसा सत्कारणी लागेल.

पेसाबद्दल, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याबद्दल, मुलांच्या मनात फार गोंधळ असतो. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांमधून भरायचं ठरलं, त्यात वनरक्षकही आहे. स्थानिक म्हणजे उमेदवार स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सलग राहत आलेले. राज्यात नंदुरबार-पालघरपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित क्षेत्रातलं शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं, आणि पुढे आपल्याकडच्या पेसा भरतीवरही न्यायालयीन वाद झाला. त्यात १७ संवर्गांतले उमेदवार निवड होऊनही ताटकळले. यातून घ्यायचं ते एवढंच: अर्जात पेसाचा पर्याय निवडावा, स्थानिक रहिवासी दाखला जोडावा, पण फक्त त्याच एका जागेवर भिस्त ठेवू नये. बिगर-पेसा अनुसूचित जमातीच्या जागेसाठी लागणारे गुण कमावण्याचीच तयारी ठेवावी.

अंगमेहनतीच्या परीक्षेबद्दल बाहेर एक समज आहे की जंगलातली पोरं काटक असतात, त्यांना सराव लागत नाही. हा समज घातक आहे. डोंगर चढणं वेगळं आणि घड्याळावर धावणं वेगळं.

आधी मापं. पुरुषांना उंची १६३ सेंटिमीटर आणि महिलांना १५०. अनुसूचित जमातीला १५२.५ आणि १४५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ८४, म्हणजे पाच सेंटिमीटरचा फुगवटा लागतो. तो सरावाने येतो, उंची येत नाही. म्हणून उंची दहावीतच भिंतीला टाच, पाठ आणि डोकं टेकवून अनवाणी मोजावी. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो, तेव्हा काठावरच्या मुलाने मोजणीच्या दिवशी पहाटेपासून उभं राहून थकून जाऊ नये. अनुसूचित जमातीच्या मुलांनी मोजणीला जाताना जातीचा मूळ दाखला हातात ठेवावा.

२०२३ च्या भरतीत धावण्याला ८० गुण होते आणि लेखीला १२०, मिळून २०० ची गुणवत्ता यादी. मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३. पूर्ण ८० गुण हवे असतील तर मुलांना १७ मिनिटं, मुलींना १२. म्हणजे मुलीने एक किलोमीटर चार मिनिटांत, असे लागोपाठ तीन. मुलाने एक किलोमीटर ३ मिनिटं २४ सेकंदांत, असे पाच. प्रत्येक मिनिटाला गुण उतरत जातात. निवड झालेल्यांना त्यानंतर चार तासांची चाल असते. पुरुषांना २५ किलोमीटर, महिलांना त्याहून कमी. चालीला गुण नाहीत, पण ती पार पडली नाही तर सगळी मेहनत वाया.

सरावाला किमान चार महिने हवेत. पहिला महिना आठवड्यातून चार दिवस अर्धा तास सावकाश धावणं, एवढंच. दुसऱ्या महिन्यापासून एक दिवस ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालणं. एक दिवस सहा ते आठ किलोमीटर बोलता येईल अशा वेगाने. आणि दर दुसऱ्या रविवारी वेळ लावून पूर्ण अंतर. अंतर टेपने मोजावं. मोटरसायकलच्या मीटरवर मोजलेले पाच किलोमीटर कधी साडेचार भरतात, आणि मैदानावर गेल्यावर मुलाला वाटतं आज पायच चालत नाहीत. मुलांना चालीचा वेग ताशी सव्वासहा किलोमीटर पडतो, दर किलोमीटरला साडेनऊ मिनिटांच्या आसपास. हा रमतगमत चालण्याचा वेग नव्हे. पंधरवड्यातून एकदा १२, मग १५, १८, २२ असं वाढवत न्यावं. फोड येतात ते नव्या बुटांनी. बूट दोन महिने वापरलेले असावेत, मोजे सुती-घट्ट, आणि मांड्या घासतात तिथे व्हॅसलीन.

यात एक गोष्ट कुणीही विसरू नये. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या पट्ट्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि मुलींमध्ये रक्ताची कमतरता तर सर्रास. सराव सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. सिकलसेल वाहक मूल धावू शकतं, पण भर उन्हात, पाण्याविना, एकदम जोर लावून नव्हे. त्याचा सराव पहाटे, हळूहळू वाढवत आणि भरपूर पाणी पाजून घ्यावा. प्रत्यक्ष आजार असलेल्याला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मैदानावर उतरवू नये. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने नेमाने घेतल्या की दम वाढलेला तिचा तिलाच जाणवतो. निकाल मात्र वर्गात वाचून दाखवायचे नाहीत. सोयरिकी मोडतात.

लेखी परीक्षा संगणकावर होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी, प्रत्येकी १५ प्रश्न आणि ३० गुण. पात्र ठरायला ४५ टक्के, म्हणजे १२० पैकी ५४. आता भामरागडची माडिया बोलणारी मुलगी, धडगावचा पावरी बोलणारा किंवा धारणीचा कोरकू बोलणारा मुलगा यांचा विचार करा. त्यांना मराठी हीसुद्धा शिकलेली भाषा, आणि समास, प्रयोग, म्हणींचे प्रश्न त्यातच येतात. म्हणजे निम्मा पेपर परक्या भाषांचा. त्यांच्यासाठी तयारीचा क्रम उलटा लावावा. बौद्धिक चाचणीत भाषा कमी लागते, तिथे ३० पैकी २४-२६ पर्यंत नेणं शक्य आहे. त्यानंतर मराठी व्याकरणाचे ठरावीक नियम. इंग्रजीत सगळं शिकवण्याच्या नादी न लागता काळ, शब्दयोगी अव्ययं आणि रोजचे समानार्थी शब्द एवढ्यावर भर. आणि माउस. ज्याने आजवर फक्त मोबाइल हाताळला, तो पहिली पाच मिनिटं पडद्यावर पुढचा प्रश्न कसा आणायचा यातच घालवतो. शाळेच्या संगणक कक्षाची कुलपं उघडून महिन्यातून दोन सराव परीक्षा घ्याव्यात.

परीक्षेचं केंद्रही आड येतं. २०२३ ची लेखी परीक्षा भर पावसाळ्यात झाली. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब. प्रवेशपत्र हातात पडताच दोन दिवस आधी निघायचं, राहायची सोय आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात आधी बोलून ठेवायची. प्रकल्प कार्यालयाने परीक्षेच्या आठवड्यात गाडी सोडली तर याहून मोलाची मदत नाही.

वन अधिकाऱ्यांसाठी एक खास सूचना. तुमच्या रेंजमध्ये पीआरटीची, म्हणजे वन्यप्राणी गावाजवळ आला की आधी धावून जाणाऱ्या गावच्या पथकाची, पोरं आहेत, गेटवरचे गाइड आहेत, उन्हाळ्यातले फायर वॉचर आहेत, कॅमेरा ट्रॅप लावायला येणारे मजूर आहेत. पगमार्क, वणव्याची दिशा, नाल्यांची नावं त्यांना पाठ. या सगळ्यांची एक यादी करा: जन्मतारीख, शिक्षण, बारावीचे विषय, वैधता आहे की नाही. कुणाचं वय सुटायला दोन वर्षं उरली, कुणाची बारावी राहिली, हे एका कागदावर दिसेल. मुक्त विद्यालयातून बारावी करायला लावायची असेल तर ती जाहिरातीच्या आधी दोन वर्षं. वनरक्षकाचं वेतन २१,७०० ते ६९,१०० च्या श्रेणीत आहे. रोजंदारीवर राबणाऱ्या या पोरांना हा आकडा सांगितला तरी ती अभ्यासाला बसतात.

मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्या येतातही. टिकण्याचा प्रश्न नेमणुकीनंतर सुरू होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात वाघांच्या खुणांची नोंद घेताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटातल्या एका महिला आरएफओने आत्महत्या केली आणि वरिष्ठांकडून होणाऱ्या त्रासाबद्दल लिहून ठेवलं. घरचे लोक या बातम्या विसरत नाहीत, आणि मुलीने फॉर्म भरायचा म्हटला की त्याच पुढे करतात. त्यांना ‘काही होत नाही’ असं सांगून भागणार नाही. दाखवता येतील अशा गोष्टी हव्यात. नव्या महिला वनरक्षकांना पहिली नेमणूक शक्यतो दोघींची जवळजवळच्या बीटवर द्यावी. संरक्षण कुटीत (जंगलातल्या मुक्कामाच्या चौकीत) कडी लागणारं दार, संडास आणि पाणी आहे का, हे नेमणुकीच्या आदेशाआधी वनपालाने जाऊन बघावं. पायी गस्त एकटीने नाही, सोबत किमान एक मजूर किंवा पीआरटीचा माणूस. वायरलेस चालू स्थितीत. गरोदरपणात आणि मूल लहान असताना कुटीऐवजी नाका, रोपवाटिका किंवा कार्यालयातलं काम. आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर रेंज ऑफिसच्या भिंतीवर मराठीत लावलेले असावेत, आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यातच, प्रशिक्षण केंद्र चिखलदऱ्याचं असो, शहापूरचं असो की पालचं, प्रत्येक मुलीला ते वहीत उतरवून द्यावेत.